मेल लीड घेतोयस? आधी कार्डाचा नमुना बघ
अरे भावा, विमा एजंटचं लायसन्स मिळालं, अभिनंदन, पण लीड घ्यायला लगेच खिशातून क्रेडिट कार्ड काढू नकोस. इथे अमेरिकेत फायनल एक्स्पेन्सच्या, म्हणजे अंत्यविधीच्या खर्चापुरत्या छोट्या पॉलिसीच्या, मेल लीड, म्हणजे टपालाने आलेल्या पत्रातलं कार्ड भरून परत पाठवणाऱ्या लोकांची नावं, साधारण दोन प्रकारे विकतात. एक तर लीडमागे ठरलेला भाव, नाहीतर हजार पत्रं टाकायचे पैसे द्यायचे आणि किती कार्डं परत येतील ते तुझं नशीब. समज हजार पत्रांना ५०० डॉलर लागले, १० कार्डं आली तर लीड ५० ला पडली, ५ च आली की तीच १०० ला. म्हणून नवीन असताना मी तरी ठरलेल्या भावाचीच घेईन, महाग वाटली तरी.

आणि व्हेंडरकडून कार्डाचा नमुना आधी मागव. माझ्या पहिल्या लॉटमध्ये सोशल सिक्युरिटीचे, म्हणजे सरकारी पेन्शन योजनेतून मृत्यूनंतर मिळणारे, २५५ डॉलर मोठ्या अक्षरात आणि विमा हा शब्द कुठेतरी खाली बारीक, लोकांना वाटलेलं सरकारी काहीतरी फुकट मिळतंय, एका आजींनी तर दारातच विचारलं, चेक आणलास का! असली कार्डं ढिगाने येतात, विक्री शून्य. विमा स्पष्ट लिहिलाय आणि माणसाने स्वतःच्या हाताने जन्मतारीख, फोन भरलाय, अशी कमी येतात पण ती माणसं निदान बसून बोलतात.

जुन्या लीड स्वस्त असतात, दारं ठोठवायच्या सरावाला चालतील, फक्त आधी किती जणांना विकल्यात ते विचार. आणि नवीन कार्ड हातात आलं की दोन-तीन दिवसांत जाच, नंतर त्यांना कार्ड टाकलेलं आठवतही नाही.