बीए सायकॉलॉजी झालं की लगेच पेशंट बघता येतात का?

प्रश्न: ताई, आम्ही ऐरोलीला राहतो. मुलगी बारावी आर्ट्सला आहे, तिला सायकॉलॉजीच करायचंय. तिचे काका म्हणतात बीए करून नोकरी कुठे मिळते, त्यापेक्षा बीकॉम कर. आणि एका क्लासवाल्याने सांगितलं की 6 महिन्यांचा ऑनलाइन काउन्सेलिंगचा सर्टिफिकेट कोर्स केला की प्रॅक्टिस सुरू करता येते. फी भरावी का? – एक आई

उत्तर: ताई, फी भरू नका, निदान आत्ता तरी नको. 6 महिन्यांत ऐकायची सवय लागेल, थोडी माहिती मिळेल, पण समोर आत्महत्येचे विचार येणारा मुलगा बसला तर काय करायचं हे स्क्रीनवरचे व्हिडिओ बघून येत नाही हो.

बीए 3 वर्षांचं, नवीन शैक्षणिक धोरणात ऑनर्सला 4. त्याने पाया होतो, लायसन मिळत नाही. स्टॅटिस्टिक्स असतं हे तिला आत्ताच सांगून ठेवा, बऱ्याच मुली तिथेच घाबरतात. मग 2 वर्षांचं एमए, आपल्याकडे मुंबई विद्यापीठाचा कलिनाचा डिपार्टमेंट आहे, म्हणजे ट्रान्स हार्बरने ठाणे, मग कुर्ला, रोजची दगदग आहे पण मुली करतात. एमएनंतर शाळेत, एनजीओत, कंपनीच्या एचआरमध्ये कामं मिळतात, त्यामुळे काकांची काळजी खरी असली तरी बीकॉम हा त्यावर उपाय नाही.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे मानसिक आजाराचे पेशंट बघणारी तज्ज्ञ, व्हायचं असेल तर मात्र आरसीआय, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषद, तिची मान्यता असलेलं शिक्षण आणि तिथे नोंदणी लागते. आत्तापर्यंत एमएनंतर 2 वर्षांचं एमफिल हा मुख्य रस्ता होता, हॉस्पिटलमध्ये सीनियरच्या देखरेखीखाली पेशंट बघायचे, टेस्ट घ्यायच्या, रिपोर्ट लिहायचे आणि ते परत परत दुरुस्त करून घ्यायचे. माझ्या मते खरं शिक्षण हेच. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, 2022 च्या नियमांत एमफिल बंद केलं, क्लिनिकलला 2025-26 पर्यंत सवलत दिली, आणि आरसीआयने नवीन कोर्स आणलेत. त्यामुळे तुमच्या मुलीची वेळ येईल तेव्हा कोर्सचं नाव वेगळं असेल, पण मान्यता आहे का हे आरसीआयच्या यादीतच बघायचं, माहितीपत्रकावर विश्वास ठेवायचा नाही. औषधं लिहायची असतील तर तो रस्ताच वेगळा, एमबीबीएस आणि मग सायकियाट्रीत एमडी.

आणि घरी बसून डिग्री करू असा विचार असेल तर 2025 च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून यूजीसीने सायकॉलॉजीच्या डिस्टन्स आणि ऑनलाइन डिग्र्या बंद केल्यात. मला हे बरंच वाटतं, कारण माणसाशी बोलायचं काम माणसांत राहूनच शिकायला हवं.

सध्या सुट्टीत तिला ठाण्याला आयपीएच या मानसिक आरोग्याच्या संस्थेच्या एखाद्या जाहीर कार्यक्रमाला न्या, 1990 पासून काम चालू आहे त्यांचं. तिथे लोक कसे प्रश्न विचारतात ते ऐकू दे तिला. आणि क्लासवाल्याचा परत फोन आला तर एवढंच विचारा की प्रत्यक्ष केसेस कुठे बघायला मिळतात आणि त्यावर सुपरव्हिजन कोण करतं, त्यांचा आरसीआय नोंदणी नंबर काय. लेखी द्या म्हणावं.