फीडरवर शिक्रा आला म्हणून घाबरू नका

फीडरवर, म्हणजे पाखरांसाठी दाणे भरून टांगलेल्या भांड्यावर, शिक्रा हा छोटा शिकारी पक्षी आला म्हणजे तुमचं काही चुकलं असं नाही. दाण्याला चिमण्या जमल्या की त्यांच्या मागावर तोही येणारच. त्याच्या बहुतेक झडपा फुकट जातात, हेही लक्षात असू द्या.

फीडर आठ-दहा दिवस काढून ठेवा. चिमण्या पांगल्या की तोही दुसरीकडे वळतो. तेवढ्यात चिमण्या उपाशी मरत नाहीत, त्यांची इतर ठिकाणं ठरलेली असतात.

परत टांगताना जागा नीट बघा. चिमण्यांना लपायला दाट झुडूप साधारण 3 मीटरवर हवं. अगदी चिकटून नको, तिथे मांजर दबा धरून बसतं. काचेच्या खिडकीपासून मात्र 1 मीटरच्या आत टांगा, नाहीतर 10 मीटरच्या पलीकडे. घाबरून उडालेले पक्षी काचेवर आपटतात, आणि खरं सांगायचं तर माझ्याकडे शिक्र्यापेक्षा काचेनेच जास्त जीव घेतलेत. जमिनीवर दाणे टाकणं बंदच करा. खाली मान घालून टिपणारा होला सगळ्यात आधी सापडतो.

एकदम सगळं चिडीचूप झालं आणि फीडरवरची चिमणी दाणा चोचीत धरून पुतळ्यासारखी थिजली, की वर बघा. तो जवळपासच असतो. दगड मारू नका हं, त्यालाही पिल्लं असतात.