पाचशे वर्षांचं वाकडं घर

प्रश्न : ताई, उन्हाळ्यात मुलीकडे मँचेस्टरला गेलो होतो. जावयांनी चेशायरमधलं ‘लिटल मोरटन हॉल’ हे जुनं घर दाखवलं. भोवती खंदक, अंगावर काळे-पांढरे पट्टे, आणि इतकं वाकडंतिकडं की आमची ही म्हणाली, “आत नको जायला, अंगावर येईल.” मी तीस वर्षं बांधकाम खात्यात ओव्हरसियर होतो. ओळंब्याबाहेर गेलेल्या भिंती पाडायला लावल्या आहेत. मग हे घर उभं कसं? आणि ते काळे पट्टे नुसती शोभा आहे का?
— एक निवृत्त वाचक, नाशिक

उत्तर : वहिनींना सांगा, मीसुद्धा दारातच थबकले होते. जुन्या वाड्यांना टेकू देण्यात माझा जन्म गेला, पण तिथल्या वरच्या लांब गॅलरीत पाऊल टाकल्यावर होडीत चढल्यासारखं झालं. जमीन एकीकडे उतरते, मधेच फुगते. मी चपला हातात घेऊन चालले, कारण नसताना.

तुमचा ओळंबा चूक नाही, पण तो विटांच्या भिंतीचा आहे. विटेला दाब सोसतो, ताण सोसत नाही. भिंत कलली की ताण येतो, म्हणून ती पाडलीत ते योग्यच. इथे मात्र भिंत काही उचलतच नाही. भार घेतो ओकच्या लाकडाचा सांगाडा, आणि तुम्ही पाहिलेले काळे पट्टे म्हणजे तोच सांगाडा. उभे खांब, आडव्या तुळया, तिरके टेके. मधल्या चौकोनांत फुलापानांसारखी नक्षी भरली आहे, तेवढी खरी हौस. बाकी चौकोन भरायला काठ्यांची जाळी आणि वर मातीचा लेप. आपल्याकडे याला कूड म्हणतात. माझ्या आजोळी, गुहागरला, माजघर आणि पडवीच्या मधे कुडाचीच भिंत होती, आजी दर दिवाळीआधी ती सारवायची. चेशायरच्या सुताराला ती दाखवली असती तर त्याला काडीचं नवल वाटलं नसतं.

आता वाकडेपणाचं. त्या काळी ओक ओला असतानाच कापायचे. वाळला की तो इतका कठीण होतो की अवजारं टेकीला येतात. सुतार जमिनीवरच एकेक चौकट जुळवून बघायचे, सांध्यांवर रोमन आकड्यांसारख्या खुणा खोदायचे, मग सुटी करून जागेवर उभी करायचे. एका लाकडाला कुसू, म्हणजे भोकात बसणारं टोक, दुसऱ्याला भोक आणि आरपार लाकडी खुंटी. पुढे लाकूड वाळत गेलं की आकसतं, पिळतं, सांधा आणखी आवळतो. म्हणजे थोडं वाकणं ठरलेलंच. ते घर वाकतं, पण सुटत नाही.

पण लिटल मोरटनचं वाकणं थोडं नाही, आणि त्यात माझ्या मते मालकाचा दोष आहे. विल्यम मोरटन याने 1504 ते 1508 च्या सुमारास पहिला भाग बांधला. नंतर 1610 पर्यंत पुढच्या पिढ्या जोडत राहिल्या. दक्षिणेच्या भागावर कुणाच्या तरी मनात आलं आणि 68 फूट लांबीची ती गॅलरी चढवली. छप्पर पातळ कौलांचं नाही, जाड दगडी लाद्यांचं. खालच्या मजल्यांनी वजन सोसलं, पण पाठ वाकवून. पुढे स्थिर करायला लोखंडी सळ्या घालाव्या लागल्या. तुमच्या खात्यात हा वाढीव मजला मंजूर झाला असता का? मी तर सही केली नसती. आणि सगळा खटाटोप कशासाठी, तर पावसात घरातल्या घरात फेऱ्या मारता याव्यात, खेळता यावं म्हणून. तिथल्या लाकडी अस्तरामागे सतराव्या शतकाच्या सुरुवातीचे चार टेनिसचे चेंडू सापडले आहेत.

चौकातल्या दोन मोठ्या, बाहेर काढलेल्या खिडक्या पाहिल्यात ना? छपरं एकमेकींना जवळजवळ भिडतात. त्यांच्यावर 1559 साल कोरलं आहे, विल्यम मोरटनचं (हा पहिल्याचा मुलगा) नाव आहे, आणि त्याच्या शेजारी सुतार रिचर्ड डेल याचंही. मी इतके वाडे चढले-उतरले, सुताराचं नाव मला एकाही तुळईवर मिळालेलं नाही. त्या लेखासमोर मी गॅलरीपेक्षा जास्त वेळ उभी होते.

काळ्या रंगाची गंमत अशी की तो ट्यूडर, म्हणजे सोळाव्या शतकातल्या ट्यूडर राजांच्या काळातला, नाहीच. डांबरी काळं लाकूड आणि त्यावर चुन्याची पांढरी सफेती ही व्हिक्टोरिया राणीच्या काळातली आवड. मुळात ओक तसाच सोडून द्यायचे, तो वर्षांनी रुपेरी करडा व्हायचा, मधले चौकोन पिवळसर गेरूचे. तुम्ही फोटो काढलात तो एकोणिसाव्या शतकाचा मेकअप आहे.

मग हे टिकलं का? सांगाडा दणकट, हे झालंच. पण मोरटन मंडळी 1640 च्या दशकातल्या राजा आणि पार्लमेंट यांच्या यादवीत राजाच्या बाजूने राहिली आणि कंगाल झाली. घर शेतकऱ्यांना भाड्याने गेलं. शेजारपाजारच्या श्रीमंतांनी आपापली लाकडी घरं पाडून विटांची बांधली, यांच्याकडे पाडायलाही पैसे नव्हते. 1938 पासून ते जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आहे.

प्रश्न : लोणावळ्याला छोटं फार्महाऊस बांधतोय. आर्किटेक्ट म्हणतात, गिलाव्यावर काळ्या फळ्या ठोकून ‘ट्यूडर लुक’ देऊ. करावं का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : फळ्या ठोकायची कल्पना तुमच्या आर्किटेक्टची नाही, त्यांना फार दोष देऊ नका. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात इंग्लंडमधल्या उपनगरांत विटांच्या हजारो घरांवर अशाच फळ्या बसल्या. त्याआधी 1887 साली वुल्व्हरहॅम्प्टनजवळ रंगाचे कारखानदार थिओडोर मँडर यांनी ‘विटिक मॅनर’ हे ट्यूडर धाटणीचं घर एडवर्ड औल्ड या वास्तुविशारदाकडून बांधून घेतलं. बाहेरून जुनं, आतमध्ये विजेचे दिवे. ते मला आवडतं, कारण तिथे सुतारकामावर कंजुषी केलेली नाही.

तुमच्याकडे मात्र लोणावळ्याचा पाऊस आहे. फळी आणि गिलावा यांच्यामधे पाणी शिरेल, चार महिने सुकणार नाही, आणि दुसऱ्याच वर्षी खिळ्यांभोवती गंजाचे ओघळ येतील. वाळवी येईल ती वेगळीच. त्या पैशांत छपराची वळचण तीन फूट पुढे काढून घ्या. आणि काळा रंग हवाच असेल, तर खिडक्यांच्या चौकटींना लावा.