कारखान्याच्या रेल्वे सायडिंगसाठी सॉफ्टवेअर घ्यावं, की एक्सेलवरच भागवावं?

तुमच्या प्रश्नावरून मला कळलं ते असं. ऑफिस सांगलीत, मिरजेच्या मालधक्क्यावर तुम्ही खताचे रेक (अख्ख्या मालगाड्या) उतरवून घेता, आणि सोलापूरकडच्या सिमेंट प्रकल्पात कंपनीची स्वतःची सायडिंग, म्हणजे प्रकल्पाच्या आत नेलेली रेल्वेलाइन, आहे. दोन्हीकडचा हिशेब एक्सेलमध्ये आहे, डेमरेज (वाघिणी, म्हणजे मालडबे, वेळेत मोकळे केले नाहीत की रेल्वे लावते तो आकार) वाढत चाललंय, आणि एक विक्रेता दोन्ही जागांसाठी मिळून एकच मोठं सॉफ्टवेअर घ्या म्हणून मागे लागलाय. मी मिरजेचाच, रेल्वेच्या मालवाहतुकीत बरीच वर्षं काम करतोय. माझं मत स्पष्ट आहे: सायडिंगसाठी जरूर घ्या, धक्क्यासाठी ते पैसे घालू नका.

आधी धक्क्याचं बघू. ४२ वाघिणींचा रेक आणि वाघिणीत साठ-बासष्ट टन माल धरला, तर अडीच हजार टनांच्या वर जातो. युरियाचं पोतं २०१८ पासून ४५ किलोचं झालंय, म्हणजे छप्पन्न-अठ्ठावन्न हजार पोती माथाडींच्या पाठीवरून उतरायची आणि सोळा टनी गाडी धरली तर दीडशेच्या वर खेपा मारायच्या. इथे उशीर का होतो हे तुम्हालाही ठाऊक आहे. गाड्या कमी पडतात, दुसरी टोळी वेळेवर येत नाही, जून-जुलैत पावसाची भुरभुर सुरू झाली की दारं लावून बसावं लागतं, नाहीतर कुपवाडच्या गोदामापुढे गाड्यांची रांग लागते. यातलं काहीच सॉफ्टवेअरनं सुटत नाही. आदल्या रात्री गाडीवाल्यांना आणि मुकादमाला केलेल्या फोननं सुटतं.

रेक कुठवर आलाय ते कळावं म्हणून घ्या, असं विक्रेता सांगत असेल तर त्याला थांबवा. ते एफओआयएसवर, म्हणजे रेल्वेच्या मालवाहतुकीच्या संगणक प्रणालीवर दिसतं. ही प्रणाली क्रिस ही रेल्वेचीच संस्था चालवते. वाघिणींची मागणी ऑनलाइन नोंदवता येते, आरआर, म्हणजे मालाची रेल्वे पावती, तीही इलेक्ट्रॉनिक मिळते. तीच माहिती रंगीत पडद्यावर पुन्हा बघायला वेगळे पैसे कशाला?

धक्क्यावर तुम्हाला खरी गरज आहे ती वेळेच्या नोंदीची. डेमरेजचा मूळ दर वाघिणीमागे तासाला १५० रुपये धरला तरी ४२ वाघिणींचे तासाला ६,३०० होतात, आणि तासाचा तुकडासुद्धा पूर्ण तास म्हणून लागतो. उशीर लांबला की दर आणखी चढतो, तेव्हा चालू परिपत्रक गुड्स ऑफिसातून मागून घ्या. मग बिल आल्यावर वाद होतो तो प्लेसमेंट, म्हणजे रेक धक्क्याला लागणं, नक्की कितीला झाली आणि शेवटची वाघीण कितीला रिकामी झाली यावर. तुमच्या एक्सेलमध्ये हे आकडे संध्याकाळी कोणीतरी आठवून भरतो. माफीचा अर्ज करायला बसलात की अशा नोंदीला काडीची किंमत नसते. म्हणून मुकादमाच्या किंवा टॅली क्लार्कच्या फोनवर मराठीतला एक साधा फॉर्म द्या. रेक लागला, पहिलं दार उघडलं, पाऊस आला, पाऊस थांबला, शेवटची वाघीण रिकामी झाली, रिलीज दिला (रिकामा रेक रेल्वेच्या ताब्यात परत), एवढीच बटणं. प्रत्येक बटणासोबत एक फोटो, आणि वेळ फोननं आपोआप घ्यायची, हातानं भरायची नाही. हे काम तुमच्या ऑफिसातला हुशार पोरगा करून देईल.

सायडिंगची गोष्ट वेगळी आहे, आणि तिथे एक्सेल खरोखरच अपुरं पडतं. याचं कारण क्रम. रेक आत येताना वाघिणी ज्या क्रमाने असतात, तो क्रम पहिल्या शंटिंगनंतर, म्हणजे वाघिणी तोडून-जोडून लाइनी बदलल्यावर, मोडतो. अर्धा रेक पॅकिंग प्लांटखाली जातो, अर्धा बाजूच्या लाइनीवर उभा राहतो, एखादी वाघीण सिक (नादुरुस्त) म्हणून तोडून वेगळी काढतात, एकीचं दार बसत नाही म्हणून ती रिकामीच परत जाते. आता कुठल्या लाइनीवर कुठली वाघीण कितव्या जागी आहे, हे शिफ्ट बदलताना कागदावरून सांगायचं म्हणजे रात्रपाळीच्या शंटरची परीक्षाच. यार्डाचा नकाशा पडद्यावर असावा, वाघीण बोटाने एका लाइनीवरून दुसरीवर सरकवता यावी, आणि प्रत्येक हालचाल कोणी, कितीला केली ते मागे बघता यावं. सॉफ्टवेअरचे पैसे इथे वसूल होतात.

विक्रेत्याची पारख करायला एक सोपी चाचणी सांगतो. वाघिणीचा नंबर ११ आकडी असतो. पहिले दोन आकडे प्रकाराचे, पुढचे दोन मालक रेल्वेचे, त्यापुढचे दोन बांधणीच्या सालाचे, मग चार अनुक्रमांकाचे, आणि शेवटचा आकडा पडताळणीचा. तो पहिल्या दहांवरून निघतो. समजा दहा आकडे ३१०११४०६८२ आहेत. सम जागांवरचे १, १, ४, ६, २ मिळून १४, त्याची तिप्पट ४२. विषम जागांवरचे ३, ०, १, ०, ८ मिळून १२. एकूण ५४, पुढचा दशक ६०, म्हणून शेवटचा आकडा ६. सिमेंटच्या धुळीखाली नंबर अर्धवट दिसतो, ३ चा ८ वाचला जातो. चुकीचा नंबर टाकल्या टाकल्या ज्या प्रोग्रॅमनं अडवलं नाही, तो बनवणाऱ्याने भारतीय वाघीण बघितलेली नाही असं समजा. परदेशी यार्डांसाठी बनवलेली चांगली सॉफ्टवेअर आपल्याकडे नेमकी इथे अडखळतात. रेल्वे आता वाघिणींना आरएफआयडी टॅग (यंत्राला दुरून वाचता येणारी ओळखपट्टी) लावतेय, तेव्हा गेटवर टॅग वाचायची सोय पुढे जोडता येईल का, हेही विचारून घ्या. क्रिसशी अधिकृत जोडणी असल्याचा दावा असेल तर तसं पत्र मागा.

वजनाचा मुद्दा मात्र आजच हाती घ्या. चालत्या रेकच्या काट्याचे आकडे वाघिणीच्या नंबरासमोर आपोआप बसले पाहिजेत. जादा भरलेली वाघीण रेल्वेच्या काट्यावर पकडली गेली की दंड लागतो. तीच यार्डात असताना कळली तर चार पोती काढून मोकळं होता येतं.

आपल्याकडच्या माणसाला एक उदाहरण चटकन पटेल. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे सुरू झाली, तेव्हा पहिल्या फेरीला ५० हजार लिटरच्या १० टाक्याच होत्या, म्हणजे पाच लाख लिटर. नंतर ५० टाक्यांची गाडी गेली. इंजिनं होती, रूळ होते, कृष्णेचं पाणीही होतं. सगळं अडलं होतं ते यार्डात एका वेळी किती टाक्या भरता येतात यावर. तुमच्या सायडिंगवरही आधी तेच मोजा. पॅकिंग प्लांटखाली एका दमात किती वाघिणी बसतात आणि त्या बदलायला किती मिनिटं जातात, याचा महिनाभराचा आकडा हातात नसेल तर विक्रेता जे दाखवेल ते छानच वाटणार.

तेव्हा आत्ता सही करू नका. गेल्या महिन्यातला तुमचा सगळ्यात गोंधळाचा रेक निवडा, त्याचे सगळे कागद विक्रेत्यासमोर ठेवा आणि तो रेक त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये पहिल्या मिनिटापासून रिलीजपर्यंत चालवून दाखवायला सांगा. बघायला तुमचा रात्रपाळीचा शंटर बसवा, आयटीवाला नको. यार्डाच्या टोकाला मोबाइलला रेंज नसताना नोंद होते का, हे त्यालाच तपासू द्या.