पीएचडी संपत आली, पोस्टडॉक कसा शोधू?

प्रश्न: ताई, मी नागपूर विद्यापीठात केमिस्ट्रीत पीएचडी करतेय, थिसिस आता सबमिट होईल. पोस्टडॉकसाठी (पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या कामासाठी) खूप प्रोफेसरांना मेल टाकले, एकाचंही उत्तर नाही. डिग्री हातात आल्यावरच बघू का? – एक वाचक, धरमपेठ

उत्तर: अगं नाही, डिग्रीची वाट बघत बसू नकोस! एएनआरएफ या संशोधनाला पैसे देणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या नॅशनल पोस्टडॉक्टरल फेलोशिपला थिसिस सबमिट केलेलेपण अर्ज करू शकतात, वयाची अट ३५ ची आहे पण मुलींना ५ वर्षं सूट मिळते, आणि मेंटॉर, म्हणजे ज्यांच्याकडे काम करायचं ते प्रोफेसर, मात्र आधी ठरवावा लागतो म्हणून बोलणं आत्ताच सुरू कर. सगळ्यांना एकच "रिस्पेक्टेड सर"वाला मेल गेला ना, तर कोणी वाचत नाही गं. त्यांचा ताजा पेपर खरंच वाच, मग पहिल्याच ओळीत असं काहीतरी लिही की तुमचा कॅटॅलिस्ट जिथे लवकर खराब होतो तिथे माझी कोटिंगची पद्धत वापरून बघता येईल, सोबत दोन पानी सीव्ही, बस. गाइडना रेकमेंडेशन लेटरचं आधीच सांग, ऐनवेळी फार धावपळ होते. आणि नागपुरातल्याच नीरी, व्हीएनआयटी या संस्थांत बाहेरच्या कोणाचं लेक्चर असलं की जा, प्रश्न विचार, नंतर चहाला थांबून बोल, मला तर हे मेलपेक्षाही मोलाचं वाटतं. आठ-दहा दिवसांत उत्तर नाही आलं तर एकदा आठवण कर, त्यात लाज कसली.