रात्र नाटकाला, सकाळी पहिली एसटी

नागपुरातून निघून कमी खर्चात आसपासच्या गावांतले सण कसे बघावेत, अशा आशयाची बरीच पत्रे आली. त्यांतल्या पाच पत्रांना ही उत्तरे.

दिवाळीनंतर झाडीपट्टीतली मंडई (तिकडची गावजत्रा) आणि रात्रीचे नाटक बघायचे आहे. आम्ही चौघे आहोत. तिकडे ओळखीचे कोणी नाही. राहण्याची सोय कुठे होईल? (वाचक, मानेवाडा)

राहण्याची सोय शोधूच नका. नाटकाचा पडदा रात्री दहा-अकराला वर जातो आणि प्रयोग उजाडेपर्यंत चालतो. रात्र शामियान्यात जाते, सकाळी पहिल्या एसटीने परत निघता येते. चौघांच्या लॉजचे पैसे वाचतात आणि झाडीपट्टीची रात्र तिथल्या माणसांसारखीच बघायला मिळते.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतल्या धानपट्ट्यात, म्हणजे झाडीपट्टीत, भाऊबीजेपासून मंडया सुरू होतात. शेजारच्या गावांच्या तारखा मुद्दाम वेगवेगळ्या ठेवलेल्या असतात, म्हणजे पाहुण्यांना एकमेकांकडे जाता येते. त्यामुळे 'मंडई कधी असते' या प्रश्नाला एक उत्तर नाही, गावागणिक विचारावे लागते. सर्वात खात्रीचे ठिकाण म्हणजे वडसा, म्हणजेच देसाईगंज. झाडीपट्टीच्या नाट्यमंडळांची कार्यालये तिथे आहेत आणि कोणत्या रात्री कोणत्या गावात कोणता प्रयोग हे तिथे कळते. नाटकांचा हंगाम होळीपर्यंत चालतो. दिवाळीत जमले नाही तर जानेवारीत जा, तेव्हा बऱ्याच गावांत दिवसा शंकरपट (बैलजोड्यांची शर्यत) आणि रात्री नाटक असा बेत असतो.

गणेशपेठ बसस्थानकावरून उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरीमार्गे वडशाची गाडी धरा. चार तास हातात ठेवा. गाव निवडताना एकच अट पाळा: ते नागभीड-ब्रह्मपुरी-वडसा या मुख्य रस्त्यावर किंवा रस्त्यापासून पायी जाता येईल इतके जवळ हवे. बहुतेकांची फजिती इथेच होते. नामांकित नाटकासाठी आडगाव निवडतात, संध्याकाळची शेवटची गाडी निघून गेलेली असते आणि मग एकट्या ऑटोला चौघांच्या एसटी भाड्याहून जास्त मोजावे लागतात.

दुपारी तीनपर्यंत गावात पोहोचा. मंडईचा खरा रंग तेव्हाच असतो: गोवारींच्या ढाली (गुराख्यांच्या सजवलेल्या पूजेच्या काठ्या), दंडार हे लोकनाट्य, खेळण्यांची आणि मिठाईची दुकाने, माहेरी आलेल्या लेकी. तिकीट संध्याकाळीच काढून ठेवा. खुर्चीचा दर वेगळा, जमिनीवरचा वेगळा. आमचे मत विचाराल तर जमिनीवर पुढे बसा. गाणी तिथल्या तिथे ऑर्गन-तबल्यावर गायली जातात आणि पुढून नटाचा आवाज थेट कानावर येतो. नाटक लांबले, मध्ये लावणी आली तरी चुळबुळ करू नका. त्या प्रेक्षकांना ते तसेच हवे असते, आणि त्यांच्याच तिकिटांवर ही रंगभूमी उभी आहे. याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली.

धानाच्या बांध्यांमधली नोव्हेंबरची रात्र नागपूरकराच्या अंदाजापेक्षा थंड असते आणि पहाटे दव पडते. माणशी एक जाड चादर, चौघांत एक सतरंजी, कानटोपी आणि टॉर्च एवढे घ्या. दहा, वीस, पन्नासच्या मिळून हजार-दीड हजाराच्या नोटा ठेवा, कारण गर्दीत नेटवर्क बसते आणि मोबाइलने पैसे जात नाहीत. आलूबोंडा आणि चहा रात्रभर मिळतो, पोटभर जेवण मिळेलच असे नाही. भाकरी-चटणी घरून न्या.

कोणी घरी जेवायला बोलावले तर जा. मंडईच्या दिवशी पाहुणा परत पाठवत नाहीत. जेवणाचे पैसे पुढे करू नका, त्याने घरधनी दुखावतो. मुलांसाठी खाऊ न्या आणि द्यायचेच असेल तर मंडळाची वर्गणीची पावती फाडा.

शंकरपट बघणार असाल तर दोरीच्या मागे, धावपट्टीच्या मधल्या भागाजवळ उभे राहा. शेवटच्या टोकाला नको. तिथे जोडी लगेच आवरत नाही आणि बैल गर्दीत शिरतात. २०१४ च्या बंदीनंतर डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना अटींसह वाट मोकळी केली. तेव्हापासून परवानगी लागते. परवानगी नसलेला पट ऐनवेळी रद्द होतो, म्हणून निघण्याआधी फोन करून खात्री करा.

शहरातल्या मुलांना खेड्यातला पोळा दाखवायचा आहे. कोणत्या गावाला जावे? (वाचक, त्रिमूर्तीनगर)

नाव असलेले गाव शोधू नका. सावनेर, काटोल, उमरेड, हिंगणा, कोणत्याही बाजूच्या ज्या गावात अजून पुरेशा बैलजोड्या आहेत ते गाव चांगले. ट्रॅक्टर आल्यापासून काही गावांत तोरणाखाली मोजक्याच जोड्या येतात, म्हणून आधी कोणाकडून तरी जोड्यांची चौकशी करा.

जमले तर आदल्या संध्याकाळीच पोहोचा. तेव्हा बैलांचे खांदे हळद-तुपाने शेकतात आणि 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या' असे त्यांना निमंत्रण देतात. मुलांच्या लक्षात राहील ते हेच. पोळ्याच्या दिवशी तीन-चारच्या सुमारास जोड्या आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली उभ्या राहतात, झडत्या (पोळ्याची चढाओढीची गाणी) होतात, 'हर बोला हर हर महादेव'चा गजर होतो आणि तोरण तुटले की बैल घरोघर पूजेला निघतात. तोरण तुटताना एकच पळापळ होते. त्या वेळी मुलांना ओट्यावर किंवा भिंतीच्या आड ठेवा. बैलाच्या थेट मागे उभे राहू नये, फ्लॅश मारू नये, छत्री एकदम उघडू नये. शांत बैलही या तीन गोष्टींना बुजतो. दारी आलेल्या बैलासोबतच्या माणसाला बोजारा देतात, तुम्हीही दहा-वीस रुपये हातावर ठेवा.

दिवस पावसाचे असतात. काळी माती दुचाकीच्या मडगार्डात भरली की चाक फिरतच नाही. गाडी डांबरी रस्त्यावर ठेवून पायी जा. बूट नको, धुता येणारी चप्पल घाला.

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा (मुलांचा लाकडी बैलांचा पोळा) आणि मारबत (वाईटाचे प्रतीक म्हणून मिरवत नेऊन जाळायचा पुतळा), त्यासाठी नागपुरातच परत या. जागनाथ बुधवारीची पिवळी मारबत आणि इतवारीची काळी मारबत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून निघतात. त्यांची भेट इतवारीत नेहरू पुतळ्याजवळ होते. गाडी आणू नका, रस्ते बंद असतात. मेट्रोने चितार ओळी चौकात उतरून चालत जा आणि सकाळीच जागा धरा. लहान मुले असतील तर नेहरू पुतळ्याचा चौक टाळून अलीकडच्या एखाद्या दुकानाच्या पायऱ्या बऱ्या.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याची गोटमार बघायला जावे का? रेल्वेने स्वस्तात होते. (वाचक, गोधनी)

जाऊ नका. जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगड फेकतात. दरवर्षी शेकडो लोक जखमी होतात, मृत्यूही झाले आहेत. दगड बघ्यांना ओळखत नाही. त्याच दिवशी तुमच्या शहरात मारबत आहे.

कचारगडच्या यात्रेला आम्हा गैरआदिवासींनी गेलेले चालते का? कसे जावे? (वाचक, अजनी)

चालते, पण ती जत्रा म्हणून बघू नका. गोंडी परंपरेत पारी कुपार लिंगो आणि जंगो रायतार यांनी गुहेत कोंडलेल्या कोया मुलांना, म्हणजे गोंडांच्या पूर्वजांना, सोडवले ती ही जागा. माघ पौर्णिमेच्या आसपास मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातूनही कुटुंबे इथे पूजेला येतात. 'जय सेवा' म्हणून नमस्कार करा. पूजा आणि अंगात येणे यांचे चित्रण करू नका. बाकी ठिकाणी विचारून फोटो काढा, नाही म्हटले तर कॅमेरा पिशवीत ठेवा.

नागपूर किंवा इतवारीहून गोंदिया, तिथून डोंगरगड-दुर्गकडे जाणाऱ्या लोकलने सालेकसा किंवा दरेकसा. पुढे पायथ्याचे धनेगाव. जलद गाड्या या छोट्या स्थानकांवर थांबत नाहीत, त्यामुळे सगळे गणित गोंदियाच्या लोकलवर बसवा. परतीच्या वेळा जाताना लिहून घ्या आणि शेवटच्या लोकलवर विसंबू नका, पौर्णिमेच्या संध्याकाळी तिच्यात पाय ठेवायला जागा नसते. गर्दी झेपत नसेल तर पौर्णिमेच्या एक दिवस आधी जा. मुक्काम करायचाच तर गोंदियात करा. गुहेची वाट चढणीची आणि दगडांची आहे, माणशी दोन लिटर पाणी लागते. रिकाम्या बाटल्या खाली परत आणा.

आम्ही दोघी बहिणी आणि ७८ वर्षांचे वडील. एसटीत कोणती सवलत मिळते? (वाचक, महाल)

वडिलांना प्रवास मोफत (७५ वर्षे पूर्ण झालेल्यांना २६ ऑगस्ट २०२२ पासून), तुम्हा दोघींना अर्धे तिकीट (महिलांना १७ मार्च २०२३ पासून). ६५ ते ७५ वयाच्या पुरुषांनाही अर्धे तिकीट आहे. वडिलांचे आधार कार्ड जवळ ठेवा. या सवलती राज्याच्या हद्दीपुरत्या आहेत. पचमढीसारख्या ठिकाणी जाताना सीमेपुढचे भाडे पूर्ण पडते, आणि नागपूरच्या शहर बसला त्या लागू नाहीत. सलग चार-पाच गावे करायची असतील तर 'आवडेल तेथे प्रवास' हा चार किंवा सात दिवसांचा पासही आहे, पण तुमच्या बाबतीत तो बहुधा महाग पडेल. अर्ध्या तिकिटांची बेरीज करून पाहा आणि मगच पास काढा.