विक्रेत्याला डोमेन ॲडमिनचा पासवर्ड द्यावा का?

निपाणीच्या आपल्या सौहार्द (सहकारी) संस्थेच्या सर्व्हरवर बॅकअपचे सॉफ्टवेअर बसवताना सेटअप दर वेळी ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार मागतो आणि विक्रेता ‘डोमेन ॲडमिनचा पासवर्ड द्या, पाच मिनिटांत उरकतो’ असे म्हणतो, हे आपल्या प्रश्नात वाचून मला बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीतले माझे जुने दुखणे आठवले. डोमेन म्हणजे एकाच ठिकाणाहून सांभाळले जाणारे संस्थेच्या संगणकांचे जाळे आणि डोमेन ॲडमिन म्हणजे त्या सगळ्यांवर अधिकार असलेले खाते. ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ (प्रोग्रॅम ॲडमिनच्या अधिकाराने चालवणे) वगैरे आपण करून पाहिलेच असेल.

सेटअपने अधिकार मागण्यात वावगे काही नाही. प्रोग्रॅम फाइल्समध्ये लिहायचे आणि सर्व्हिस, म्हणजे पडद्यामागे सतत चालणारा प्रोग्रॅम, उभी करायची, तर त्या सर्व्हरचा लोकल ॲडमिनिस्ट्रेटर (फक्त त्याच संगणकापुरता ॲडमिन) लागतोच. डोमेन ॲडमिन दिला, की मात्र शाखांसकट सगळे संगणक परक्याच्या हाती जातात.

आमच्याकडे वजनकाट्याचे सॉफ्टवेअर बसवताना मी माझ्या डोमेन ॲडमिन खात्याने लॉगिन करून खुर्ची विक्रेत्याच्या माणसाला दिली. सर्व्हिस कोणत्या खात्यावर चालवायची असे सेटअपने विचारले, तेव्हा त्याने माझेच खाते टाकले आणि पासवर्ड मीच टाइप करून दिला. डोमेनच्या मूळ धोरणात पासवर्डची मुदत 42 दिवसांची असते. ती भरल्यावर मी पासवर्ड बदलला, पण चालू सर्व्हिस तशीच चालत राहिल्याने कोणाला काही कळले नाही. पुढे एका पावसाळी पहाटे वीज गेली, यूपीएस संपला, सर्व्हर पुन्हा सुरू झाला आणि पडद्यावर एरर 1069 उमटली, म्हणजे जुन्या पासवर्डमुळे सर्व्हिसचे लॉगऑनच फसले होते. पुण्याला निघालेला कास्टिंगचा ट्रक काट्यावर उभा होता आणि पावती निघत नव्हती. विक्रेत्याच्या मदत केंद्राला मी कन्नडमध्ये विचारले, हिंदीत विचारले; त्यांनी आधी काट्याची केबल, मग परवान्याची की आणि शेवटी अँटिव्हायरस तपासायला लावला. सर्व्हिसच्या ‘लॉग ऑन’ टॅबमधले खाते पाहा, एवढे एक वाक्य दुपारपर्यंत कोणाच्या तोंडून निघाले नाही. चूक माझीच होती, तरी तो राग अजून गेलेला नाही.

म्हणून माझे मत, जे आपल्या रचनेला जसेच्या तसे लागू पडेलच असे नाही: त्या दिवसापुरते वेगळे लोकल ॲडमिन खाते काढावे, काम होईपर्यंत शेजारी बसावे आणि संध्याकाळी ते बंद करावे. सर्व्हिसला स्वतःचे खाते द्यावे. विंडोज सर्व्हर 2012 पासून ग्रुप मॅनेज्ड सर्व्हिस अकाउंट मिळते, त्याचा पासवर्ड विंडोज स्वतःच बदलते. अर्थात विक्रेत्याचे सॉफ्टवेअर ते स्वीकारत असेल तर. आपला एकच सर्व्हर डोमेन कंट्रोलरही (डोमेनची सगळी खाती सांभाळणारा सर्व्हर) असेल, तर त्यावर लोकल खाती नसतात, त्यामुळे हे सॉफ्टवेअर वेगळ्या व्हर्च्युअल मशिनवर (सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या स्वतंत्र संगणकावर) नेणेच बरे. जाता जाता, एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये 2008 च्या आवृत्तीपासून विंडोजच्या ॲडमिनला डेटाबेसचे पूर्ण अधिकार आपोआप मिळत नाहीत, तेव्हा ‘ॲक्सेस डिनाइड’ (प्रवेश नाकारला) असा संदेश दिसला, तर तो तिथूनही येत असेल.

सर्व्हिसला नेमके कोणत्या फोल्डरचे आणि कोणत्या डेटाबेसचे अधिकार लागतात, हे विक्रेत्याकडून ईमेलवर मागवा. फोनवरचे ‘सगळे द्या’ हे उत्तर धरू नका.